शलोमीबाईनं परत केलेलं ताट

एका जंगलात, बाळांनो, एक जांभळीचं झाड होतं, आणि त्या झाडाखाली चर्च भरत असे. भिंती नव्हत्या. पण मंडळी होती, पाळक होते आणि रुसवेफुगवे होते. चर्चला आणखी काय लागतं?

पाळक म्हणजे कासवसाहेब. त्यांचा उपदेश सुरू व्हायचा तेव्हा जांभळं हिरवी असत. संपेपर्यंत खायला येत.

त्या मंडळीत एस्तेरबाई नावाची खार होती आणि शलोमीबाई नावाची मुंगुसीण. एस्तेरबाईचं घरटं वर जांभळीवर, शलोमीबाईचं बीळ खाली मुळाशी. एकीच्या चुलीवर काय शिजतंय ते चाखल्यावाचून दुसरीला चैन पडत नसे.

नाताळात एस्तेरबाईनं शलोमीबाईकडं फराळाचं ताट पाठवलं. करंज्या, चकल्या, वर विणलेला रुमाल. आता, आलेलं ताट परत करताना त्यात काहीतरी घालायचं असतं, निदान चिमूटभर साखर तरी. जंगल झालं म्हणून रीत सुटते का? शलोमीबाईनं ताट परत पाठवलं. लख्ख घासलेलं. आणि रिकामं.

एस्तेरबाईची शेपटी फुलली. आता खाली उतरून "का गं?" एवढं विचारायला काय जात होतं? पण ती पडली श्रद्धावान. तिनं ठरवलं, भांडायचं नाही. प्रार्थना करायची.

बुधवारच्या प्रार्थनासभेत तिनं डोळे मिटले आणि आवाज चढवला. "हे प्रभो, आमच्या मंडळीत काहींना नुसते घेणारे हात आहेत. त्या हातांवर दया कर."

"आमेन," मंडळी म्हणाली, आणि सगळ्यांनी मिटल्या डोळ्यांनी शलोमीबाईकडं पाहिलं.

शलोमीबाईनंही लगेच गुडघे टेकले. "हे दयाळू पित्या, काही भगिनी ताट देतात आणि जंगलभर दवंडी पिटतात. त्यांच्या जिभेला जरा विसावा दे."

"आमेन, आमेन!" या खेपेला जोरात.

कासवसाहेब हरखले. प्रार्थनासभेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. घोरपड तर पुढची जागा धरायला सकाळपासून येऊन बसू लागली. दोघी एकमेकींना सलाम करेनात, बोलेनात. जे सांगायचं ते देवाच्या कानावर घालत. तेही शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं.

एका बुधवारी शलोमीबाईनं अशीच नेम धरून प्रार्थना केली. ती एस्तेरबाईला कितपत लागली, ते बघायला तिनं एक डोळा किलकिला केला. तर काय! जांभळीच्या खोडावरून धामण वर चढत होती. सरळ घरट्याच्या रोखानं. घरट्यात एस्तेरबाईची पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली.

शलोमीबाई जमिनीवरची शूर. शेंड्यावर तिचं काय चालणार? एस्तेरबाईला सांगायला तर हवं. पण बोलणं बंद होतं ना!

"हे प्रभो," ती घाईघाईनं म्हणाली, "त्या बाईला वर बघायची बुद्धी दे."

एस्तेरबाईनं डोळे आणखी घट्ट मिटले. "हे प्रभो, मी सदा वरच बघते. बिळात राहणाऱ्यांनी मला शिकवू नये."

"आमेन!"

"प्रभो, तिच्या घरात संकट शिरतंय!"

"प्रभो, मला शाप देणाऱ्यांनाही क्षमा कर."

"आमेन! आमेन!" घोरपडीला तर भरून आलं.

धामण घरट्याच्या फांदीला लागली.

"अगं ए मेले!" शलोमीबाई किंचाळली. "साप! तुझ्या घरट्यापाशी साप!"

आमेन कुणीच म्हणालं नाही. एस्तेरबाई बाणासारखी वर गेली. एकेक पिल्लू तोंडात धरून तिनं पलीकडच्या पळसावर नेलं. धामण फणफणत तिच्या मागं निघाली. पण जांभळीची डहाळी ठिसूळ. कडकन मोडली, आणि धामण पडली ती नेमकी शलोमीबाईच्या पुढ्यात. पुढचं मी सांगत नाही. तुम्हाला अजून जेवायचंय.

एस्तेरबाई खाली उतरली. म्हणाली, "तू आधी बोललीस."

"बोलले बाई. हरले मी."

"मग ताटाच्या वेळीच का नाही बोललीस? रिकामं का पाठवलंस गं?"

"करंज्या जळल्या माझ्या. पार कोळसा झाला. कोळसा पाठवू होय तुला?"

"पाठवायचास की! माझ्या करंज्यांत तरी सारण कुठं होतं?"

"तेच म्हटलं, नुसत्या खुळखुळ्यासारख्या कशा लागतात!"

दोघी हसल्या. मग गळ्यात पडून रडल्या. मग परत हसल्या.

पुढच्या बुधवारी दोघी बिळाच्या तोंडाशी गप्पा मारत बसल्या. प्रार्थनासभेला घोरपड तेवढी आली, आणि ऐकण्यासारखं काही नाही असं बघून झोपली. कासवसाहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. "मंडळीतली भक्ती आटली," म्हणाले. पंच जमले. खूप विचार केला, आणि प्रार्थना चालू असताना डोळा उघडल्याबद्दल शलोमीबाईला ताकीद दिली.

तात्पर्य : बाळांनो, शेजारणीशी तोंडानं बोलू नये. पिल्लं वाचतात, पण प्रार्थनासभा ओस पडते.