मास्तरांचे पहिले कासव

जेवणाच्या टेबलावर नवे शिलाई मशीन ठेवलेले होते आणि मास्तर हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती तिसरी फेरी मारत होते. मशीन पांढरे, गुळगुळीत, पावाच्या डब्याएवढे. चाळीस वर्षे काळ्या, जड, पायाने चालवायच्या मशीनवर अर्ध्या गावाचे सदरे आणि पँटी शिवणाऱ्या माणसाला ते कुणीतरी विसरून गेलेल्या खेळण्यासारखे वाटत होते.

"बाबा, आधी पुस्तक वाचा हं," सूनबाई पायात चपला सरकवत म्हणाली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि मिक्सरचे पुस्तकसुद्धा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्यांपैकी होती. "सगळं चित्रांसकट दिलंय त्यात."

"सूनबाई, पुस्तक कुणासाठी असतं? ज्याला येत नाही त्याच्यासाठी."

"बरं. मी कामावरून थेट शाळेत येते. चार वाजता." तिने एकदा मशीनकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिले आणि आणखी काही न बोलता ती गेली. शहाणी होती.

टेबलाचा एक पाय थोडा आखूड होता. मशीनचे वजन पडल्यावर टेबल डुगडुगू लागले. मास्तरांनी ते पुस्तक उचलले, चौघडी केली आणि त्या पायाखाली नीट सरकवले. टेबल हलेना.

"बघ भिंगरी, पुस्तक कामाला आलं," ते नातीला म्हणाले.

भिंगरी म्हणजे त्यांची नऊ वर्षांची नात. आज दुपारी शाळेत तिच्या वर्गाचे नाटक होते आणि ती त्यात कासव होती. बाकीच्या प्राण्यांनी आपले कपडे भाड्याने आणले होते. कासव एकटेच छाती पुढे काढून वर्गात सांगत सुटले होते, "माझा ड्रेस माझे आजोबा शिवणार आहेत. ते नुसतं बघून माप सांगतात."

मास्तरांना ही गोष्ट कळली होती आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. काळजीने नव्हे, आनंदाने. आठ महिन्यांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी दुकान आपल्या जुन्या कारागिराच्या हवाली केले. त्या दिवसापासून त्यांना कुणी काही शिवायला सांगितले नव्हते. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या कॉलरी ते डोळ्यांनीच उसवायचे आणि डोळ्यांनीच पुन्हा शिवायचे, एवढाच काय तो धंदा उरला होता. आणि आता हे कासव आले होते.

कापड कालच बेतून झाले होते. हिरव्या कापडाचे दोन थर आणि मध्ये स्पंज, अशी जाडजूड पाठ. बोटे पूर्वीसारखी राहिली नव्हती, त्यामुळे एवढ्या जाडीतून हाताने शिवणे शक्य नव्हते. पण मशीनवर असे कितीसे काम?

"अर्ध्या तासात उडवतो," मास्तर म्हणाले. घड्याळात दहा वाजले होते.

सुरुवात दोऱ्यापासून झाली. मास्तरांनी सवयीने दोरा सुईच्या बाजूने नेला. चाळीस वर्षे तो तिथूनच आत जात होता. या सुईला बाजूने भोकच नव्हते.

"आजोबा, भोक पुढे आहे," भिंगरी म्हणाली.

"ते दिसतंय मला. कारखान्यातल्या माणसानं सुई वाकडी बसवलीय." मास्तरांनी छोटा स्क्रू सैल केला, सुई पाव वळसा फिरवली, भोक बाजूला आणले आणि स्क्रू आवळला. "आता आली वळणावर."

मग त्यांनी एक टाकाऊ तुकडा सुईखाली धरला, जमिनीवरच्या पेडलवर पाय ठेवला आणि पाय हलवू लागले: टाच, चवडा, टाच, चवडा. जुन्या मशीनच्या लोखंडी जाळीवर अशाच तालात पाय चालतात आणि चाक फिरते. हे पेडल मात्र विजेचे. चवडा दाबला की मशीन उधळायचे, टाच दाबली की जागच्या जागी थिजायचे. घर्रर्र, गप. घर्रर्र, गप.

"याला उचक्या लागल्यात," भिंगरी म्हणाली.

"नवीन आहे. रुळेल."

मास्तरांनी तुकडा बाहेर ओढला. त्याच्यावर नुसत्या भोकांची सरळ रेघ होती. टाका एकही नव्हता. त्यांनी दोरा बदलला, रीळ बदलले, तुकडा बदलला. भोके तेवढी सुरेख पडत होती. असे करता करता साडेअकरा वाजले. शेवटी त्यांनी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतले आणि कारागिराला फोन लावला.

"एका गिऱ्हाइकाच्या घरच्या मशीनला टाका धरत नाहीये," ते हळूच म्हणाले. "विजेचं आहे. तुला काय वाटतं?"

"मास्तर, त्यातलं मला काय कळतंय? आमच्या घरी ते हिच्याकडे असतं. थांबा, देतो."

"अरे नको, तिला कशाला..."

पण तोवर फोन कारागिराच्या बायकोच्या हातात गेला होता. "बोला मास्तर. गिऱ्हाइकानं सुई फिरवली असणार. चपटी बाजू मागे करायला सांगा आणि दोरा पुढून मागे घालायला. फिरवलेल्या सुईत टाका धरतच नाही. नवशिके हमखास करतात असं."

"सांगतो त्याला," मास्तर म्हणाले. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

सुई सरळ झाली. दोरा पुढून मागे गेला. मास्तरांनी पुन्हा तुकडा धरला, पाय हलवला, आणि काय नवल! टाका पडला. बारीक, घट्ट, मोत्याच्या सरीसारखा. उचक्या देत का होईना, पण पडला. मास्तरांचा चेहरा उजळला. एवढ्या आनंदात माणूस तुकड्यांवर थांबत नाही. त्यांनी कासवाची पाठ उचलली, सुईखाली सारली आणि पाय जोरात चालवले.

आता जुन्या मशीनची एक गोष्ट सांगायला हवी. ते थांबवायचे असेल तर पायाखालची जाळी घट्ट दाबून धरावी लागते. दाबली की चाक अडते. मास्तरांच्या पायांनी चाळीस वर्षांत हे लाखभर वेळा केले असेल. त्यामुळे कासवाची पाठ हातातून निसटून सुसाट पुढे निघाली, तेव्हा त्यांनी थांबवण्यासाठी पेडल घट्ट दाबले.

मशीन आणखीच उधळले. मास्तर घाबरले आणि आणखी दाबले. मशीनने पाठीची कड ओलांडली, कासवाच्या उजव्या पायाचे भोक शिवून बंद केले, तिथून वळण घेतले आणि मास्तरांच्या बाहीवर चढले.

"आजोबा, सोडा! पाय सोडा!"

"थांबवतोय की!"

"तुम्ही दाबताय!"

भिंगरीने धावत जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले. सगळे शांत झाले. मास्तरांचा हात वाचला होता. सदऱ्याची उजवी बाही मात्र कफापासून वीतभर कासवाला पक्की जोडली गेली होती. टाका सुरेख आला होता, हे त्यांच्या अनुभवी नजरेने त्याही अवस्थेत टिपले. हात काढून घ्यायचा तर सदऱ्यातून बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते बाहेर पडले.

नेमक्या त्याच वेळी आजी बाजारातून पिशव्या घेऊन घरात शिरली. टेबलापाशी बनियनवर बसलेला नवरा, मशीनला लोंबणारा सदरा आणि सदऱ्याला चिकटलेले हिरवे कासव तिने एका नजरेत पाहिले.

"अहो, कासव शिवायला बसला होता की स्वतःला सोलायला?"

"तू जरा गप्प बस."

"मी गप्पच आहे. आयुष्यभर लोकांच्या बाह्या लावल्यात, आज स्वतःची लावलीत. चांगलंच आहे."

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला आणि ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवायला घेतला. टाके मोत्याच्या सरीसारखे असल्यामुळे उसवायला दीड तास लागला. भिंगरी समोर बसून बघत होती. ती हळूच म्हणाली, "आजोबा, आपण बाईंना सांगू या का, कासव आजारी पडलंय म्हणून? मी झाडामागे उभी राहीन. तिथे साधा फ्रॉक चालतो."

तिने हे रडत म्हटले असते तर मास्तरांना सोसले असते. पण ती अगदी समजुतीने म्हणाली. मोठी माणसे आजाऱ्याशी बोलतात तशी. मास्तरांच्या हातातले ब्लेड थांबले.

"पुस्तक काढ," ते म्हणाले.

पुस्तक टेबलाच्या पायाखाली होते. आजीने आणि मास्तरांनी मशीनसकट टेबल एका बाजूने उचलून धरले. भिंगरी खाली शिरली आणि चौघडी ओढून काढली. टेबल खाली ठेवले तरी ती बाहेर आली नाही. तिथेच मांडी ठोकून तिने पान उघडले.

"पेडलचं चित्र आहे, आजोबा. दाबलं की जोरात. सोडलं की बंद. टाच ठेवायची जमिनीवर."

"एवढंच?"

"एवढंच."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना पटले. त्यांनी टाच जमिनीवर ठेवली, टाकाऊ तुकडा सुईखाली घेतला आणि शिवायला लागले. चार टाके झाले आणि टाच आपोआप उचलली गेली. घर्रर्र, गप. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली गेली.

"डोक्याला कळलंय गं," ते हताशपणे म्हणाले. "या पायांना कोण समजावणार?"

टेबलाखालून आवाज आला, "आजोबा, तुम्ही पाय काढा बरं इथून. मी हाताने दाबते."

आजीने एक स्टूल आणून बाजूला ठेवले. मास्तरांनी दोन्ही पाय त्याच्यावर ठेवले, अंग मशीनकडे वळवले आणि कासवाची पाठ हातात घेतली.

"चल. हळू."

मशीन हळू निघाले. इतके हळू की सुई वर जाताना दिसत होती, खाली येताना दिसत होती.

"थोडं जोरात. शाब्बास. आता पुढे पायाचं वळण येतंय..."

"आलं की सांगा. आधीपासून सांगू नका, माझा गोंधळ होतो."

"बरं. थांब! आता एक एक टाका."

"एक. दोन. तीन. झालं?"

"अजून दोन. हं. आता सरळ रस्ता आहे, सोड गाडी."

मास्तरांचे हात मोकळे झाले होते. कापड कुठे ओढायचे, कुठे सैल सोडायचे, स्पंज कुठे दाबायचा, हे त्यांना कुणी सांगावे लागत नव्हते. कडा वळत होत्या, कोपरे बसत होते, पायांची भोके गोल येत होती. मध्येच खालून शिंक आली आणि मशीनने सहा टाके जास्त घातले, तेवढे एक सोडले तर काम बिनबोभाट चालले. आजी दाराला टेकून उभी होती. चहा करायला निघाली होती, ते ती विसरली.

पावणेतीनला कासव तयार झाले. भिंगरी टेबलाखालून बाहेर आली, तेव्हा तिच्या तळहातावर पेडलची नक्षी उमटली होती. तिने पाठ चढवली, जमिनीवर उताणी पडली, डावीकडे डोलली, उजवीकडे डोलली आणि उठून उभी राहिली. एकही टाका सुटला नाही.

मास्तरांनी भोके पडलेल्या बाहीचाच सदरा चढवला. दुसरा शोधायला वेळ नव्हता.

शाळेचे सभागृह भरले होते. सूनबाई धापा टाकत आली आणि मास्तर व आजी यांच्याशेजारी बसली. नाटकात कासवाला एकच वाक्य होते, पण एका उडीत ते उताणे पडले आणि पाय हलवू लागले, तेव्हा सगळे सभागृह हसले, मग टाळ्या वाजल्या. भाड्याच्या सशाचा एक कान तिसऱ्या मिनिटाला गळून पडला. मास्तरांनी सज्जनपणे तिकडे पाहिले नाही.

नाटक संपल्यावर वर्गाच्या बाई कासवाला हाताला धरून खाली घेऊन आल्या. चार-पाच पालकही मागोमाग आले. बाईंनी पाठ उलटसुलट करून पाहिली, कडेवरून बोट फिरवले. "काय फिनिशिंग आहे! कुणी शिवलं गं हे?"

आठ महिन्यांत हा प्रश्न मास्तरांच्या कानावर आला नव्हता. ते ताठ झाले. घसा साफ केला. चेहऱ्यावर, अशा वेळी आणायची असते ती, 'त्यात काय मोठंसं' अशी मुद्रा आणली.

"मी," भिंगरी म्हणाली.

"तू?"

"हो. मशीन मी चालवलं. आजोबांनी कापड धरलं होतं."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिले. आजीने पदर तोंडाला लावला. सूनबाईला काहीच माहीत नव्हते. ती एकदा मुलीकडे आणि एकदा सासऱ्यांच्या बाहीवरच्या भोकांकडे पाहत राहिली. मास्तरांनी तोंड उघडले. चाळीस वर्षांचा हिशेब अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण पोरीच्या बोलण्यात खोटा शब्द शोधू गेले तर एकही सापडेना.

"खरंय, बाई," ते म्हणाले. "कापड मी धरलं."

"कमाल आहे तुझी!" बाई भिंगरीला म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात लहान वर्गाचं नाटक आहे. सहा ससे लागणार आहेत. देशील शिवून?"

भिंगरीने लगेच होकार दिला नाही. तिने आजोबांकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिले, पायांशी जरा जास्त वेळ थांबली आणि मग बाईंकडे वळली.

"देईन, पण थोडा वेळ लागेल," ती म्हणाली. "सध्या माझ्या हाताखाली एकच माणूस आहे, आणि तोही आजच लागलाय."