समुद्राचा मिस्त्री, मुक्काम घनसावंगी

हबीब काळी-पिवळीत ड्रायव्हरशेजारी बसला की त्याचा उजवा हात स्वस्थ राहत नाही. मूठ वळलेली असते आणि हाताखाली एखादा दांडा असावा तशी ती हळूहळू पुढे सरकत जाते. खड्डा दिसला की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायच्या आत हबीबची मूठ मागे आलेली असते. परवा जांब समर्थला जाताना ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "चाचा, हात आवरा. एखाद्या दिवशी गिअरच पाडताल तुम्ही."

"बेटा, बोट लाटेवरून उडायच्या आधी थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, सोडावा लागतो," हबीब म्हणाला. "बोटीखालचा पंखा हवेत गेला की इंजिन बोंबलतं. त्याच जोरात परत पाण्यात पडला की गिअरचा भुगा."

जीपमध्ये आम्ही चौदा माणसं कोंबलेली होतो. हबीब सोडला तर एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. तरी सगळे त्याच्याकडे असे बघत होते की जणू समुद्र त्यानेच भरला. मी मात्र खिडकीबाहेरचा ऊस बघत होतो.

लपवून काय उपयोग? मला हबीबचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत वाटतो.

घनसावंगीत माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. विहिरीची मोटर, डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, सगळं माझ्याच हाताखालून जातं. हबीब आणि मी जालन्याला एकाच उस्तादांकडे शिकलो, एका डब्यात जेवलो. मग आखातातल्या एका बोटींच्या कारखान्यातून मिस्त्रीसाठी निरोप आला. हवा होता एकच. उस्तादांनी हबीबचं नाव सांगितलं. मला म्हणाले, "दिगंबर, तेरा हाथ अच्छा है, पर कान हबीब का." ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं, म्हणजे माझा कानही तसा वाईट नसावा.

अठरा वर्षं तिकडे काढून तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसला. तेव्हापासून तो बाक त्याचा झाला आणि हळूहळू गिऱ्हाईकही. लोक इंजिन माझ्यापुढे ठेवतात आणि तोंड त्याच्याकडे करतात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. हबीबसुद्धा इथलाच पिकलेला, पण तो बाहेरून फिरून आला ना!

त्याच्या बोटी म्हणजे साध्या बोटी नव्हेत. लांब नाकाच्या, खुल्या समुद्रात पळणाऱ्या. तिकडचे शेठ लोक चांगली चालू इंजिनं काढून दुप्पट ताकदीची बसवून घ्यायचे आणि हे काम हबीबचं. "ताकद वाढली की बोटीचा स्वभाव बदलतो, दिगू," तो बाकावर मांडी ठोकून सांगतो. "शेपूट जड झालं की ती नाकानं मुंड्या घालते. जोर जादा दिला की या कुशीवरून त्या कुशीवर डुलते. कारण ती पाण्यात न्हाई, पाण्यावर चालून राह्यली असती. मंग वजन पुढं घ्या, पंख्याचा पीळ बदला, तेव्हा कुठं बराबर सरळ धावती."

आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य येतं, "इंजिन वाढवलं, ड्राइव्हचं काय?" इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा दांडा आणि गिअर, त्याला तो ड्राइव्ह म्हणतो. पण हे वाक्य बोटीपुरतं राहिलं तर तो हबीब कसला! कोणाचा पोरगा तालुक्याचा पुढारी झाला, की हबीब विचारणार, "ड्राइव्हचं काय?" सासऱ्याने नव्या जावयाला मोठी मोटारसायकल दिली, की जावयाकडे बघून पुन्हा तेच. आमच्या घरच्या जुन्या मिक्सरला मी मोठी मोटर बसवली, तेव्हा चहा पिता पिता तो माझ्या बायकोला म्हणाला, "सुमनवहिनी, मोटर भारी हाय, पर भांड्याखालचं ते रबराचं फूल जुनंच हाय." आठ दिवसांत शेंगदाण्याच्या चटणीत ते फूल फाटलं. तेव्हापासून आमच्या घरात काहीही बिघडलं की सुमन म्हणते, "एकदा हबीबभाऊजींला तर इचारा." मी मिस्त्री आहे हे तिला लग्नाआधी सांगितलं होतं, एवढंच आता म्हणू शकतो.

मग किसन आला. गोदावरीच्या बंधाऱ्यामागे जे पाणी तुंबतं, त्यात तो मासे धरतो आणि माणसं पैलतीरी सोडतो. त्याच्या फायबरच्या नावेला बारकं इंजिन होतं. "मिस्त्री, जरा जल्दी पळंल असं कायतरी करा," तो म्हणाला. हबीब त्या दिवशी बाकावर नव्हता. माझ्या मनात लाडू फुटले. समुद्र तुझा असेल बाबा, पण गोदावरी माझी! मी हबीबला एका शब्दाने कळू दिलं नाही. दुप्पट ताकदीचं इंजिन शोधून आणलं, बसवलं, आणि दांडा, पंखा, इंजिनाला दांडा जोडणारं कपलिंग, सगळं जुनंच ठेवलं. चांगलं होतं की! बदलायचं कशाला? खरं सांगायचं तर कपलिंगला हात लावताना मला त्याचं वाक्य आठवलं आणि ते त्याचं होतं म्हणूनच मी कपलिंग बदललं नाही.

रविवारी सकाळी काठावर पन्नासेक माणसं जमली. सुमनही आली. कोणाच्या तरी तोंडून कळून हबीबही आला आणि मी इंजिन चालू करताच आवाज ऐकायला त्याने डोळे मिटले.

"दिगू, हळू चालव. जोर देऊ नको."

"काठावरून काय शिकवतो?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "एवढा समुद्र गाजवून आलास, बस की आत!"

लोक हसले. हबीब हसला नाही. चप्पल काढून, शर्टाचं वरचं बटण लावून तो नावेत उतरला आणि मधल्या फळीवर बसला. पुढे किसन बसला, मागे इंजिनापाशी मी.

पाण्यात गेल्यावर मी थ्रॉटल दिला. नाव मागे दबली, नाक आभाळाकडे गेलं, आणि मग ती खरोखरच मुंड्या घालू लागली. वर, खाली, वर, खाली. मागून पाणी आत यायला लागलं.

"कमी कर," हबीब म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "किसन, पार नाकावर जाऊन बस. दिगू, तू बी पुढं सरक. अजून. आता दे हळूहळू. आवाज ऐक... आता."

आणि ती चढली! पाण्यातून वर आली आणि पाण्यावर धावायला लागली, एकदम हलकी, सरळ. काठावर आरडाओरडा झाला, त्यात सुमनचा आवाज मला ओळखू आला. मला वाटलं, हे यश आता माझं एकट्याचं झालं पाहिजे. मी थ्रॉटल शेवटपर्यंत दिला.

कपलिंग फटकन तुटलं. इंजिन मोकळं बोंबललं. मी ते बंद केलं आणि आम्ही मधोमध गपगार तरंगत राहिलो. किसन बांबूने नाव काठाकडे रेटू लागला.

मला वाटलं, आता हबीब ते वाक्य म्हणणार. पाहिलं तर त्याने फळी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती, आणि शर्ट घामाने चिंब.

"काय झालं रे?"

"पह्यल्यांदा बसलो," तो हळूच म्हणाला.

"कशात?"

"बोटीत. मला पोहता येत न्हाई. आणि तिकडं मिस्त्रीला कोण बसू देतंय? इंजिन कसायचं, बोल्ट आवळायचे आन् धक्क्यावर उभं राह्यचं. शेठ लोक लांब निघून जायचे, बोट दिसायची बी न्हाई. निस्ता आवाज यायचा. त्या आवाजावर मी धक्क्यावर हात हलवायचो, आता सोड, आता दे. अठरा वर्षं असंच." मग पाण्याकडे बघत म्हणाला, "चांगलं वाटतं रे, चढती तेव्हा."

ज्या माणसाचा मी इतकी वर्षं हेवा केला, तो माझ्यासारखाच काठावर उभा होता, फक्त घरापासून लांब आणि एकटा.

काठाला लागलो तसा गलका झाला. "काय तुटलं? कोणाचं चुकलं?" सुमन माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडायच्या आत हबीब म्हणाला, "माझं चुकलं. दिगू नको म्हणून राह्यलता, मीच म्हणलो फुल दे. काम त्याचं बिलकुल पक्कं होतं."

मागून कोणी तरी खिदळलं, "मंग चाचा, समुद्रात बी असंच मोडत होतात का?"

हबीबने मान खाली घातली. तेव्हा माझा आवाज माझ्या नकळत चढला. "ए, तोंड सांभाळ! पुरुषभर लाटांत बोट चालवलेला माणूस आहे तो. त्याचं कसब आत्ता नावेत मी स्वतः बघितलंय. आम्ही मध्ये होतो तेव्हा तुम्ही काठावर टाळ्या वाजवत होता."

लोकांना ते पटलं. हबीबला बाकावर चहा द्यायला आता सुमन स्वतः येते आणि त्याच्या समुद्राच्या गोष्टींना मी मान डोलावून साक्ष देतो. मला वाटलं होतं, निदान आता तरी माझी जळजळ थांबेल. थांबली नाही. मी खोटं बोललो खरा, पण त्याने माझ्यासाठी खोटं बोलून झाल्यावर, आणि हे आधी त्याला सुचलं याचा मला अजून हेवा वाटतो.