काकूंच्या चष्म्याचे कल्याण

नोकरांचे भले व्हावे, असे प्रत्येक मालकाला मनापासून वाटते. फक्त ते पगारातून होऊ नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते.

एका हॉटेलात काकू भाजी चिरत. पगार तासावर. गर्दी ओसरली की व्यवस्थापक मायेने म्हणे, "काकू, दमलात. घरी जा आता." (काकूंचा थकवा रिकाम्या टेबलांवरून मोजला जाई.) एका सकाळी त्यांचा चष्मा उकळत्या सुपात पडला आणि काचा तडकल्या. नवा घेण्याइतके तास त्या महिन्यात भरलेच नव्हते. काकू अंदाजाने कांदा चिरू लागल्या. चौथ्या दिवशी दोन बोटांना पट्ट्या होत्या.

मालक मनाने हळवे. त्यांनी ताबडतोब कर्मचारी कल्याण समिती नेमली. पाहणीत अकरापैकी नऊ कर्मचारी पूर्ण समाधानी आढळले. (पाहणीच्या वेळी मालक शेजारीच उभे होते. उरलेले दोघे रजेवर होते.)

मग काटकसरीवर व्याख्यान झाले. तो तास अर्थातच बिनपगारी. वक्ते म्हणाले, "बाहेर खाणं बंद करा, निम्म्या अडचणी संपतील."

काकूंनी हात वर केला. "आणि हे गिऱ्हाइकांनी मनावर घेतलं तर?"

वक्ते पाणी प्यायले.

शेवटी मदतीचा अर्ज आला. चार पाने, मुंगीएवढी अक्षरे. अट एकच: अर्जदाराने स्वतः वाचून भरावा. काकूंनी तो लांब धरला, जवळ धरला, खिडकीशी नेला आणि 'अर्जदार हयात आहे काय?' यापुढे 'नाही'वर खूण केली. समितीने नियमानुसार अर्ज फेटाळला व दोन मिनिटे स्तब्धता पाळली. कोण गेले ते न कळल्याने काकूही खाली मान घालून उभ्या राहिल्या.

हे पाहून आचाऱ्याचे डोके फिरले. "साहेब, त्यांना आठवड्याचे तास ठरवून द्या. गर्दी असो नसो. चष्मा त्या स्वतः घेतील."

मालक दुखावले. "अहो, तो पगार झाला! आपण कल्याणाबद्दल बोलतोय."

आचाऱ्याने झारा खाली ठेवला. बाहेर सगळी टेबले भरलेली, लोक ताटल्या वाजवू लागलेले. समितीची ही सर्वांत छोटी बैठक. सात मिनिटांत तास ठरले, सर्वांचेच. तिसऱ्या आठवड्यात काकूंना नवा चष्मा आला. कोणाचे उपकार नाहीत म्हणून त्या दिवसभर ताठ मानेने चिरत होत्या.

खर्च भागवायला मालकांनी दर किंचित वाढवले आणि कारण दारावर लिहिले. ते वाचून तुम्हीही गहिवरलात, "असंच पाहिजे," म्हणालात आणि रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात शिरलात. तिथे अजून जुनेच दर आहेत. ते त्यांना कसे परवडतात, हे तुम्ही कधी विचारलेले नाही. बरोबरच आहे, जेवताना असले विषय काढू नयेत.