ओसरीवरचा पांढरा धूर

रंगराव खोतांच्या ट्रॅक्टरचा धूर संकष्टीपासून हवेत विरायचा बंद झाला आणि त्यांच्या ओसरीवर येऊन बसू लागला.

पांढरा, अंगापिंडानं बेताचा धूर होता. सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला की सायलेन्सरमधून बाहेर पडायचा, बॉनेटवरून सावकाश उतरायचा आणि घोंगडीच्या कडेला टेकायचा. पहिल्या दिवशी रंगराव म्हणाले, "या पाहुणं, बसा." दारात आलेल्याला दुसरं काय म्हणणार?

रंगरावांचं वय एकसष्ट. लग्न राहून गेलेलं, आई जाऊन नऊ वर्षं झालेली. दिवसच्या दिवस बोलायला माणूस नसायचा. दूधवाल्याला ते 'आज ऊन आहे' म्हणत, तर तो सायकलवरून न उतरताच 'हो' म्हणून पुढं जाई. आता एकदम ऐकणारं कुणीतरी मिळालं. त्यांनी धुराला आईची दुखणी सांगितली, मोडलेल्या सोयरिकी सांगितल्या, एकीचं तर नावसुद्धा सांगितलं. संध्याकाळी धूर विरळ व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू केला की येऊन विचारायचा, "मग पुढं काय झालं?" रेडिएटरमधलं कूलंट मात्र रोज दीड लिटर कमी व्हायचं. पाहुण्याला एवढं लागणारच, म्हणून रंगराव मुकाट्यानं भरत. खरं सांगायचं तर एवढ्या सुखात ते कधीच नव्हते.

एके सकाळी इंजिन अंगणातच तापून बंद पडलं, तेव्हा दस्तगीर शिकलगार मिस्त्रीला बोलवावं लागलं. त्यानं धुराला रामराम केला, इंजिन जरा निवू दिलं, पुन्हा चालू करून रेडिएटरमधले बुडबुडे बघितले आणि बंद करून ऑइलची काडी ओढली. ऑइल ताकासारखं पांढरं झालं होतं.

"हेड गॅस्केट गेलंय, आण्णा. कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय, त्याचेच हे पाहुणे. गॅस्केट बदललं की यायचे बंद होतील."

"आणि नाही बदललं तर?"

"चार दिवसांत इंजिन जाम."

"चार दिवस तर चार दिवस," रंगराव म्हणाले.

दस्तगीरनं डोकं खाजवलं. "नुसती सोबतच पाहिजे असेल, तर एअर फिल्टर बुजवून काळा धूर देतो. पण तो भांडकुदळ. निळा ऑइल जळून निघतो, तो दिवसभर पडूनच असतो. माझ्या भावाकडं आहे एक."

"मला हेच पाहिजेत रे," रंगराव म्हणाले.

तेव्हा धूर घसा खाकरून बोलला, "आण्णा, इंजिन जाम झालं की मला बाहेर यायला वाट नाही. मी आतच राहीन. तिथं अंधार असतो, आणि कुणी कुणाशी बोलत नाही."

कुणी बोलत नाही म्हणजे काय, हे रंगरावांना वेगळं समजावून सांगायला नको होतं.

"घाल बाबा नवं गॅस्केट," ते शेवटी म्हणाले.

दस्तगीरनं गोणपाट पसरून पाने मांडले. धूर उठला आणि ओसरीच्या पायरीपर्यंत गेला.

"जातो," तो म्हणाला.

"जातो म्हणू नये, पाहुणं. निघताना येतो म्हणावं."

धूर पायरीवर थांबला. त्याला रंगरावांचं मन मोडायचं नव्हतं, हे दिसतच होतं. पण पांढऱ्या धुराला खोटं बोलता येत नाही. दस्तगीरला ते ठाऊक होतं, म्हणून तो मान खाली घालून बोल्ट पुसत राहिला.

"जातो, आण्णा," धूर म्हणाला.

"बरं," रंगराव म्हणाले, आणि त्यांनी दस्तगीरला सतराचा पाना दिला.