भाऊजींचा वायपर

समोरच्या ट्रकचा लाल दिवा दिसला आणि लगेच पाण्यात बुडाला. काचेवर पाऊस कोसळत होता आणि वायपर मेल्यासारखे पडून होते. मागच्या सीटवर माझी जाऊ मंगला छाती धरून कण्हत होती. मूर्तिजापूरच्या डॉक्टरनं तिला ताबडतोब अकोल्याला न्यायला सांगितलं होतं. गाडी चालवत होते तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, नारायणभाऊजी. मी त्यांच्या शेजारी पुढे बसले होते.

"भाऊजी, वायपर लावा ना!"

"थांबा वयनी. तिले समजते."

'ती' म्हणजे गाडी. दिवसातून दहा वेळा हेच. भाऊजी जुन्या ट्रकवर ड्रायव्हर होते. खिडकीतून हात काढून काच पुसण्यात त्यांची उमर गेली. म्हातारपणी अमरावतीहून पाऊस ओळखणारी गाडी आणली आणि स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीला हात लावायचा नाही, अशी शपथच घेतली. रोज सांजेला गल्ली गोळा करून काचेवर तांब्यानं पाणी शिंपडायचे. वायपर हलले की टाळ्याही स्वतःच वाजवायचे.

"आरशाच्या मांगं डोळा हाये तिचा. न दिसणारा उजेड काचेत सोडते. काच कोरडी असली का सारा उजेड वापस. थेंब पडला का थोडा तिथूनच बाहेर पळते. वापस कमी आला, का तिले समजलं पानी आलं!"

"पानी आलेलं मले बी दिसते," मी एकदा म्हटलं. "दांडी ओढाले काय हात दुखते?" भाऊजी लई दिवस रुसले होते.

आज तिला काही समजत नव्हतं.

"काहून हालत नाई वं तू?" भाऊजी गाडीलाच विचारत होते.

"बाई, यायले सांगा ना," मंगला मागून कण्हली. "मले त्या ट्रकखाली नाई मरायचं."

मी सांगितलं नाही. हात लांबवला आणि दांडी खाली ओढली. काच पुसली गेली तर ट्रकचं मागचं फळकूट नाकासमोर! भाऊजींनी ब्रेक दाबला. गाडी मुरमात घसरली, थांबली. भाऊजींनी ती पुन्हा रस्त्यावर घेतली. वायपर चालू ठेवूनच अकोला गाठलं.

मंगलाला आत नेलं. पाऊस उघडला तेव्हा मी काच पाहिली. आरशाच्या नेमकं समोर, बाहेरून, नवं चमकदार स्टिकर. 'मंगला'. डोळ्यावरच झाकण घातलं होतं. पाणी स्टिकरवर पडत होतं, त्याला काचेवर थेंब कुठून दिसणार?

"हे कोनं लावलं?"

"म्या. काल राती."

"तिथंच काहून?"

"मंधात शोभते म्हनून." ते नखानं स्टिकर खरवडू लागले. निघेना. तसेच खरवडत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "मंगलाले सांगू नका वयनी."

लग्न झाल्यापासून तिला 'ऐकलं काय' म्हणून हाक मारणारा माणूस. त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मंगला वाचली. भाऊजी वाचले. मीही वाचले.