गाडीचा पडदा आणि भगवानकाकांचं अनुमोदन

गाडीत सीट पाच, स्टिअरिंग एक, पेडल दोन आणि बटण एक. ते बटणही धोक्याचे दिवे लावायचं. बाकी एसी, आरसे, रेडिओ, सगळं त्या परातीएवढ्या टचस्क्रीनमध्ये. आणि रविवारी सकाळी ती स्क्रीन कोणाच्याच बोटाला ओळख दाखवेना. नकाशात कोलशेतची खाडी निळीशार दिसत होती, पण कुठेही दाबा, ढिम्म. एसी पूर्ण जोरात अडकलेला. मागे नीला शाल पांघरून बसली होती.

तिची लेक उर्वी नुकतीच भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली. तिने कोरडं बोट लावून पाहिलं, ओलं लावून पाहिलं, आईचंही लावून पाहिलं.

"बोटं कसली तपासतेस?" बाबा, म्हणजे गुरुदत्त, दबक्या आवाजात म्हणाले. "हे भगवानचं काम आहे."

भगवानकाका शेजारच्या पार्किंगवाले. टेलिफोन खात्यातून निवृत्त.

"बाबा, ते आज तुमच्या ठरावाला अनुमोदन देणार आहेत."

"तेच म्हणतोय मी. स्वतःहून देतोय. आपल्या सोसायटीत स्वतःहून कोणी जिन्यातला दिवा तरी लावतं का?"

ठराव पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्याचा होता. थोड्याच वेळात गच्चीवर सभा. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव मतदानालाच येणार नव्हता, आणि चार्जिंगसाठी माजिवड्याच्या खेपा चुकणार नव्हत्या.

"काल संध्याकाळी तो गाडीपाशी वाकलेला," नीला शालीतून म्हणाली. "मी गॅलरीतून पाहिलं."

"किती वेळ?" उर्वीने विचारलं.

"कुकरच्या दोन शिट्ट्या होईस्तोवर."

उर्वीलाही ते जरा जास्तच वाटलं.

इतक्यात इस्त्रीचा शर्ट घालून भगवानकाका आलेच. "चला गुरुदत्तराव, सगळे जमलेत वर."

"आधी सांगा, काल आमच्या गाडीला काय केलंत?"

"आरसा मिटवला. माझी स्कूटर निघेना."

"आरसा मिटवायला दोन शिट्ट्या?" नीला म्हणाली.

"कसल्या शिट्ट्या, वहिनी?"

"टेलिफोनवाल्यांना वायर कुठे तोडायची ते शिकवावं लागत नाही," गुरुदत्त म्हणाले.

भगवानकाकांनी गाडीकडे पाहिलं, तिघांकडे पाहिलं. "मी जन्मभर लोकांचे बंद फोन चालू केले हो," म्हणाले आणि जिना चढू लागले.

उर्वी स्क्रीनकडे तिरपी मान करून बघत होती. कोपऱ्यात तिचं नख अडकलं.

"बाबा, ही काच कसली?"

"मी काल लावली. चरा पडू नये म्हणून. चांगली जाड बघून आणली."

काच निघाली. खाली प्लास्टिक.

"ते माझं," नीला म्हणाली. "वह्यांना घालायचं कव्हर उरलं होतं. आपला टीव्हीचा रिमोट इतकी वर्षं पिशवीत आहे, त्याला काही झालंय का?"

त्याखाली ऊन चमकू नये म्हणून लावलेली फिल्म निघाली. ती आपणच लावलेली हे ओळखून उर्वी म्हणाली, "ही सगळ्यात पातळ आहे." त्याखाली शोरूममधून आलेली, जी काढायचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता.

तिने तीही सोलली आणि बोट टेकवलं. एसी निमूट बंद झाला. त्या शांततेत वरून माइकवर गुरुदत्तांचं नाव ऐकू आलं.

तिघं धापा टाकत गच्चीवर पोचले. भगवानकाका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

"भगवानराव, गाडी चालू झाली बरं का," गुरुदत्त हळूच म्हणाले.

"अभिनंदन," भगवानकाका समोर बघत म्हणाले.

गुरुदत्तांनी ठराव वाचला. सेक्रेटरी दर्शनाताईंनी अनुमोदन कोण देतंय म्हणून सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, पुन्हा एकदा फिरवली, आणि इतिवृत्तात लिहिलं : सूचक एक, अनुमोदक शून्य.