बिटकीचं अनधिकृत लेखन

त्या बालवर्गात अक्षर ही वस्तू मुलांना अकराव्या टप्प्यावर देण्यात येत असे. त्याआधी दहा टप्पे होते. पहिल्यात कागद फाडायचा, दुसऱ्यात कणकेचे साप वळायचे, तिसऱ्यात मोठे मणी ओवायचे, चौथ्यात लहान. पाचव्यात चिमट्याने वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत न्यायचे, सहाव्यात तेच वाटाणे परत आणायचे. सातव्या-आठव्यात वाळूच्या ताटात आडव्या-उभ्या रेघा. नवव्यात खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरावरून बोट फिरवायचं, मात्र ते अक्षर आहे हे मुलाला कळू द्यायचं नाही. दहाव्यात विश्रांती. फळ पिकल्याशिवाय तोडू नये आणि बोट पिकल्याशिवाय पेन्सिल देऊ नये, असं मोठ्या बाईंचं मत होतं आणि ते भिंतीवर गाण्याच्या रूपात रंगवलेलं होतं:

चिमटीत धर, वाटीत भर,
सांडला दाणा, पुन्हा कर.
घाई नको, गडबड नको,
बोट पिकेतो अक्षर नको.

मुलं हे गात गात वाटाणे वाहत. वर्गात शिरलं की ओल्या कणकेचा वास यायचा आणि पंचवीस चिमुकल्या जिभा दातांत धरलेल्या दिसायच्या. दृश्य खरोखर गोड होतं.

बिटकी तिसऱ्या टप्प्यावर होती. वय चार वर्षं सात महिने, उंची दाराच्या कडीच्या खाली चार बोटं. एका मंगळवारी ती हात धुवायला गेली, तर नळ कोरडा. तिने ताईंचा पदर ओढला. ताई कुणी किती मणी ओवले ते लिहीत होत्या. ‘‘थांब गं राणी, नोंद चाललीय,’’ म्हणाल्या. बिटकी दोनदा थांबली. मग सातव्या टप्प्याच्या वाळूच्या ताटापाशी गेली आणि बोटाने लिहिलं, ‘नळाला पाणी नाही.’

ताईंनी ते वाचलं. आधी वाळूकडे पाहिलं, मग बिटकीकडे, मग छताकडे.

‘‘हे कुणी लिहिलं?’’

‘‘मी.’’

‘‘अगं, पण तू तिसऱ्यावर आहेस!’’

‘‘पण पाणी नाहीये ना.’’

ताईंनी इकडेतिकडे पाहून ताट हलवायला हात पुढे केला. एका झटक्यात सगळं पुसलं गेलं असतं. पण तेवढ्यात मागे मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. ‘‘कुणी हात लावू नका,’’ त्या म्हणाल्या. ताटावर स्वच्छ पंचा झाकण्यात आला. नळाकडे कुणी गेलं नाही. तो शुक्रवारपर्यंत कोरडाच होता.

बुधवारी बोटतज्ज्ञ बाई आल्या. त्या दर बुधवारी येत आणि मुलांची बोटं पाहत. त्यांनी पंचा उचलला, भिंगातून वाळू पाहिली आणि अहवाल लिहिला: ‘सदर बालिकेने मधल्या सात टप्प्यांची भेट न घेता तिसऱ्यावरून अकराव्यावर परस्पर प्रयाण केल्याचे आढळते. लेखन शुद्ध व सुवाच्य आहे, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे.’

आईवडिलांना बोलावणं गेलं. आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, ती अर्ध्या तासाची सुटी मागून आली. वडील दुकानांच्या पाट्या रंगवत, ते हातावरच्या निळ्या रंगासकट आले.

‘‘लिहिता येतं म्हणजे चांगलंच की हो?’’ आई म्हणाली.

बोटतज्ज्ञ बाई हसल्या. ‘‘तुमच्या दवाखान्यात एखाद्या बाळाला जन्मतःच दात असले, तर काय करता?’’

‘‘कधीकधी... काढतात.’’

‘‘झालं तर मग.’’

‘‘आणि नाही काढले तर?’’ बिटकीच्या पेंटर बापाने विचारलं.

मोठ्या बाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. ‘‘महिन्याभरात चाचणी आहे. दहा टप्प्यांचं प्रमाणपत्र असेल तरच मोठा गट. नोंदीत अनधिकृत लेखन राहिलं, तर पुन्हा लहान गट. पहिल्यापासून. कागद फाडण्यापासून.’’

आईने तोंडावर हात ठेवला. शेजारणीचा मुलगा मोठ्या गटात जाणार होता, आणि त्याला अजून नाकसुद्धा पुसता येत नव्हतं.

आता उगम शोधणं आलं. उगम लपलेला नव्हताच. उगम घराच्या ओट्यावर डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा. आईचे वडील, आबा. शेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कानांनी काम थांबवलं. बोलणं खणखणीत, ऐकणं शून्य. सगळे त्यांना चिठ्ठ्या लिहीत. चिठ्ठी पोहोचेपर्यंत बिटकीला धीर नसायचा, म्हणून ती त्यांच्या तळहातावर बोटाने लिहायची. भूक, माऊ, पाऊस, का, अशी सुरुवात झाली होती. पुढे ‘का’ वाढत गेले. ओळ पुरी झाली की आबा मूठ मिटायचे, जणू ओळ खिशात टाकली, आणि मोठ्याने उत्तर द्यायचे. त्यामुळे सगळ्या गल्लीला त्यांचं अर्धं संभाषण पाठ होतं. ‘‘नाही गं, चंद्राला किल्ली द्यावी लागत नाही!’’ असं ऐकू आलं, की लोक प्रश्नाचा अंदाज करत आणि पुढे जात.

बोटतज्ज्ञ बाई घरी आल्या. आबांसमोर वाटाण्यांची वाटी आणि चिमटा ठेवण्यात आला. आबांना वाटलं, बाई घड्याळ दाखवायला आल्यात. त्यांनी बाईंच्या मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ अलगद सोडवलं, त्यांच्याच चिमट्याने मागचं झाकण उघडलं, केसाएवढी स्प्रिंग उचलून जागेवर बसवली आणि चालू घड्याळ परत दिलं.

‘‘काम झालं,’’ बाईंनी घड्याळ कानाला लावत नोंद केली. ‘‘पण पकड दोन बोटांची आहे. तीन हवीत. नापास.’’

मग त्यांनी आबांचा तळहात उलटसुलट करून पाहिला. कुठे घट्टा, कुठे भेग, मध्येच मऊ. ‘पृष्ठभाग असमान. पुसण्याची सोय नाही. शिवाय उत्तर देतो. शैक्षणिक साहित्य म्हणून अमान्य.’

उपाय लिहून मिळाले. आजोबांनी तळहात उपलब्ध करून देऊ नये. घर महिनाभर अक्षरमुक्त ठेवावे. बालिकेस अक्षर दिसल्यास ‘हे नुसते चित्र आहे’ असे प्रेमाने सांगावे.

आईने चिठ्ठी लिहून आबांना सगळं समजावलं. आबांनी ती दोनदा वाचली. ‘‘म्हणजे पोरीने माझ्याशी बोलायचं नाही?’’ त्यांनी विचारलं. आईने लिहिलं, ‘एक महिना फक्त. तिच्या भल्यासाठी.’ ‘‘भल्यासाठी ना?’’ आबा म्हणाले आणि दोन्ही हात खिशात घालून बसले. घड्याळं साचत गेली.

घरातले डबे कोरे झाले. साखर समजून चहात सोडा पडला. वर्तमानपत्र पेंटर न्हाणीघरात कडी लावून वाचू लागला. पण बिटकी शाळेत चालत जायची, आणि वाटेत बावीस पाट्या होत्या, बावीसही तिच्या बापाने रंगवलेल्या. बोटतज्ज्ञ बाईंनी त्यावर नुसतं ‘हं’ केलं. त्या रविवारी पेंटर शिडी घेऊन निघाला आणि ‘स्वतःच्या हाताने’ म्हणतात तसं, एकेका पाटीवर पांढरा हात मारत गेला.

दुकानदारांनी अडवलं नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्याच बालवर्गात होतं. ‘‘आमच्या कार्टीनेसुद्धा परवा डब्यावरचं ‘साखर’ वाचलं,’’ किराणावाला दबल्या आवाजात म्हणाला. ‘‘आम्ही घराबाहेर बोललो नाही. मार हात, मार.’’ पुढचे काही दिवस दाढी करायला आलेले लोक औषधाच्या दुकानात बसून राहिले, आणि एका गृहस्थांना न्हाव्याने खोकल्याबद्दल बराच चांगला सल्ला दिला.

घरी बिटकी आबांच्या मांडीपाशी यायची आणि खिशातल्या मुठीवर टकटक करायची. आबा मान दुसरीकडे वळवायचे. ‘‘चिमटीत धर, वाटीत भर,’’ आई आतून म्हणायची. बिटकी वाटाण्यांकडे जायची. पहिल्या आठवड्यात रडत गेली, दुसऱ्यात रेंगाळत, तिसऱ्यात गाणं म्हणत.

चाचणीच्या दिवशी आईवडील मागच्या बाकावर बसले होते. बाक मुलांचे, त्यामुळे गुडघे हनुवटीला. बिटकीने मिनिटात चाळीस वाटाणे हलवले, तिन्ही बोटं जागच्या जागी. मग बोटतज्ज्ञ बाईंनी खरखरीत कागदाचं अक्षर पुढे ठेवलं.

‘‘हे काय आहे, सांग बरं?’’

ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बिटकीने बोट फिरवलं, वरून खाली, मग बाजूने. तिच्या ओठांची काही जुळवाजुळव झाली, आणि थांबली.

‘‘खरखरीत,’’ ती म्हणाली.

‘‘शाबास! आणि हे दुसरं?’’

‘‘हेपण खरखरीत.’’

मोठ्या बाईंनी डोळे पुसले. आईने पेंटरचा निळा हात घट्ट दाबला. बिटकी दहाही टप्पे पार करून मोठ्या गटात गेली, वर्गात पहिली. अकरावा टप्पा, म्हणजे अक्षर, मोठ्या गटाच्या दुसऱ्या सहामाहीत होता.

घरी येताच आईने आबांना चिठ्ठी दिली: ‘पास झाली! आता हात द्या.’ आबांनी चिठ्ठी बाजूला टाकली, बिटकीला जवळ ओढलं, महिनाभर मिटलेली मूठ उघडून तिच्यासमोर धरली आणि डोळे मिटले. तिने लिहायचं असलं की ते नेहमी डोळे मिटत.

‘‘काय काय विचारलं गं?’’

बिटकीने तळहात नीट पाहिला. मग तीन बोटं जुळवून त्यावरून एक न दिसणारा वाटाणा उचलला आणि शेजारी ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

‘‘अगंबाई, घरीसुद्धा सराव!’’ आईने घाईघाईने फोन काढला. व्हिडिओ एकवीस सेकंदांचा आहे. त्यात चिमटी सुंदर दिसते. आबांचा आवाजही स्पष्ट आला आहे, ‘‘कळलं नाही बाळ, परत लिही,’’ असं ते तीनदा म्हणतात.

आईने तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. सगळे कामात होते, आवाज बंद ठेवूनच पाहिला सगळ्यांनी. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस अंगठे आले.

सतरावा तुमचा होता.